तारखेची चिठ्ठी

टेबलाखाली गुडघ्यांवर बसून तिने कॉम्प्युटरच्या मागे हात घातला, चाचपत चाचपत वायरचं टोक भोकात बसवलं आणि डोकं आपटू नये म्हणून तसंच वाकून विचारलं,

“आता?”

“आता म्हणतोय काहीतरी जोडलंय, पण काय ते कळत नाही,” टेलिफोनवाले काका स्टुलावरून म्हणाले. “प्रगती आहे, सूनबाई. मघाशी त्याला काही जोडलंय हेच कळत नव्हतं.”

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. “दोन तास झाले तुमचे!”

“तासच झालाय, आई.”

“मला सांगू नकोस. घड्याळ माझ्यासमोर आहे.”

काकांनी भुवया उडवल्या आणि पडद्यावर नजर लावली. टेलिफोन खात्यात सारा जन्म काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर इमारतीतलं जे जे बिघडेल ते दुरुस्त करायला स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. सगळंच दुरुस्त व्हायचं असं नाही, पण कुणाला नाही म्हणायचं त्यांना जमत नसे. आज तर तिने त्यांना जेवणावरून उठवून आणलं होतं.

कॉम्प्युटर नवऱ्याचा. जहाजावर नोकरी धरण्याआधी त्याने तो कुठल्याशा ऑफिसच्या भंगारातून उचलला होता. चालू केला की आधी घरघर, मग शिट्टी, मग बराच वेळ काहीच नाही. कॅमेरा मात्र नवा, दुकानातला सगळ्यात स्वस्त, खेळण्यातला वाटावा इतका हलका. त्याच्यासोबत आलेली सीडी या कॉम्प्युटरला पचतच नव्हती, तेव्हा काकांनी स्वतःकडची जुनी सीडी आणली, ती दोनदा घातली, दोनदा काढली, आणि मशीन चार वेळा बंद करून चालू केलं.

एरवी तिने केव्हाच हात टेकले असते. पण आजचा दिवस तसा नव्हता.

सासूबाईंच्या डाव्या पायाला, अंगठ्याच्या खाली, जखम झाली होती. साखरेचा आजार, त्यामुळे भरता भरत नव्हती. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या दोन वेळा त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं, तर परत येईपर्यंत जखम पुन्हा ओली. शेवटी दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, पेशंटला आणू नका, पट्टी घरीच बदला, रोज एक फोटो काढा आणि मला ईमेलने पाठवा. पट्टी बदलणं जमलं. फोटो काढणंही जमलं. पाठवणं काही जमेना. चौदा दिवसांचे चौदा फोटो त्या टीचभर डब्यात अडकून पडले होते, आणि काल फोनवर सिस्टरचा आवाज जरा बदलला होता. सर्जन म्हणत होते, काही बघायलाच मिळालेलं नाही तर धोका पत्करणार नाही. उद्या रात्रीपर्यंत फोटो आले तर ठीक, नाहीतर परवा पेशंटला घेऊन या, अंगठा काढावा लागेल.

हे सासूबाईंना तिने सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. पण कालपासून त्या पायाकडे बघायच्या थांबल्या होत्या.

तिला स्वतःला वाटत होतं, जखम लहान झालीये. पण रोज तीच जखम बघणाऱ्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा? कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर तर नुसता गुलाबी ठिपका दिसायचा.

“हे बघा,” काका एकदम म्हणाले. “वायर लावली की या कॅमेऱ्याचा दिवा लागतो आणि लगेच विझतो. मी उगीच कॉम्प्युटरच्या मागे लागलोय. सेल कधी घातलेत?”

“परवाच आणलेत. नवे कोरे.”

काकांनी झाकण उघडलं आणि दोन्ही सेल तळहातावर घेतले. ती बघतच राहिली. तिने आणलेले लाल पट्ट्याचे होते. हे हिरव्या पट्ट्याचे, कडेला गंज धरलेले.

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. सासूबाई पाय उशीवर ठेवून, पाठीला भिंत लावून ताठ बसल्या होत्या. समोरच्या टेबलावर गजराचं घड्याळ टकटक करत होतं, चांगलं दणक्यात.

“आई, घड्याळातले सेल बदललेत का तुम्ही?”

“मग? मागे पडायला लागलं होतं. गोळ्यांच्या वेळा कोण सांभाळणार, तो कॅमेरा?”

“आणि घड्याळातले जुने?”

“डब्यात घातले. फोटो निघतायत की. टकन वाजतं, म्हणजे निघतो.”

तिला हसावं की रडावं कळेना. रोज फोटो झाला की सासूबाई कॅमेऱ्यातले सेल काढून वाटीत ठेवत. आत राहिले की गळतात, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी परत घालायचे. अदलाबदल तिथेच झाली असणार. सेल काढले की हा स्वस्तातला कॅमेरा तारीख विसरायचा, दर फोटोवर तीच ती कारखान्यातली पहिली तारीख उमटायची. त्यावर सासूबाईंनीच उपाय काढला होता. औषधांच्या दुकानात त्यांनी तीस वर्षं कंपाउंडरचं काम केलेलं. त्यामुळे तारखेवाचून त्यांच्या नजरेसमोरून काही पुढे सरकत नसे. बाटली भरली की लेबल, लेबलावर तारीख, आणि अगदी खाली औषध ज्याने बनवलं त्याची सही. सही नाही तर बाटली काउंटरच्या बाहेर जायची नाही. रोज पट्टी सुटली की त्या पेन्सिलीने चिठ्ठी लिहीत आणि फोटोच्या वेळी ती पायाशेजारी ठेवत. वर ठळक तारीख, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी काहीतरी. फोटो झाला की चिठ्ठीचे चार तुकडे करून टाकत. नाव, वय, पाय डावा, असं काही असेल, असं ती धरून चालली होती. वाकल्यावर चष्मा घसरतो म्हणून पट्टी बदलताना ती तो काढूनच ठेवायची. आणि लक्ष सगळं जखमेवर.

“घड्याळ बंद पडेल,” तिला सेल काढताना बघून सासूबाई म्हणाल्या.

“पडू दे. वेळ मी सांगेन.”

एरवी यावर चार शब्द ऐकायला मिळाले असते. चार दिवसांपूर्वीच पट्टी सोडवताना जरा ओढली गेली, तर सासूबाई केवढ्यांदा ओरडल्या होत्या. धसमुसळी म्हणाल्या, रस्त्यावरचं जनावरसुद्धा असं हाताळत नाहीत म्हणाल्या. तिने मोरीत जाऊन हात पुन्हा धुतले होते, तीनदा. आज मात्र सासूबाईंनी नुसतं तोंड खिडकीकडे वळवलं.

लाल सेल हातात घेताना काका थबकले.

“एक सांगा. फोटो कार्डात आहेत की याच्या पोटात? या स्वस्तातल्यांचं काय असतं, कार्ड नसेल तर सेल काढले की सगळं पुसलं जातं.”

चौदा दिवस. रोज सेल काढलेले, रोज घातलेले.

“दुकानदाराने काहीतरी घालून दिलं होतं,” ती कशीबशी म्हणाली. “सोबत फुकट आहे म्हणाला. नखाएवढं.”

काकांनी खालचं झाकण नखाने उचकटलं, डोळ्यांजवळ नेलं आणि लांब श्वास सोडला.

“देव त्याचं भलं करो. आहे.”

तिने मनातल्या मनात त्या दुकानदाराला नमस्कार केला. त्याचा चेहराही तिला आठवत नव्हता.

सेल बसले. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. कॉम्प्युटरने घरघर केली, विचार केला, आणि मग पडद्यावर एक पिवळी फाइल येऊन बसली. काकांनी मांडीवर थाप मारली. “ओळखलं! अहो, ओळखलं त्याने!”

“काय झालं?” आतून.

“लागला, आई!”

आतल्या खोलीत कॉट करकरली.

पहिला फोटो वरून खाली हळूहळू उतरला. आधी चादर, मग उशी, मग पाय. इतकी मोठी जखम बघून तिचं अंग शहारलं. दुसरा. तिसरा. काका एकेक उघडत होते आणि ती श्वास रोखून बघत होती. सातव्याला कडा आत आल्या होत्या. दहाव्याला मधला काळा भाग गेला होता. चौदाव्यात जी उरली होती ती वाटाण्याएवढी, लालचुटूक, कोरडी.

“भरतेय,” ती म्हणाली. “काका, भरतेय हो.”

“दिसतंय की. आंधळ्यालाही दिसेल.” काकांनी नाक ओढलं. “आता पाठवू. पण फोनच्या लाइनवरून एवढे मोठे फोटो जायला संध्याकाळ होईल. बाजूची ती चिठ्ठी कापून टाकतो, नुसता पाय ठेवू. लवकर जाईल.”

तेव्हा तिने चिठ्ठीकडे पाहिलं. चष्मा डोळ्यांवर होता आणि पडद्यावर अक्षरं बोटाएवढी झाली होती.

पहिल्या दिवशीची: ‘पट्टी फार घट्ट. सुनेला शिकवावे लागेल.’

तिला हसू आलं. तिने माऊस काकांच्या हातातून घेतला.

तिसरी: ‘पट्टी ठीक. हात गार.’

पाचवी: ‘आज पाणी कोमट करून आणले. मी सांगितले नव्हते.’

आठवी: ‘दुखले नाही. हात हलका झाला आहे.’

दहावी: ‘मी ओरडले. पाय मीच हलवला होता. तिला सांगितलेले नाही.’

काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. तो काही इतका मळला नव्हता.

बारावी: ‘पट्टी आधी स्वतःच्या हाताला गुंडाळून बघते. मी झोपले आहे असे तिला वाटते.’

आणि चौदावी, आज सकाळची, सगळ्यात बारीक, कागदाच्या पार कडेपर्यंत गेलेली: ‘सिस्टर, जखम माझी आहे पण दमली ही आहे. रात्री तीनदा उठते. एखादा दिवस पट्टीला दुसरे कोणी मिळेल का? माझ्या मुलानेही इतके केले नसते.’

आतल्या खोलीत अगदी शांत होतं. घड्याळही बंद होतं. तिने पदराने डोळे टिपले. या घरात येऊन तिला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत आपल्याबद्दल या घरात काय बोललं जातं हे तिने कधी विचारलं नव्हतं, कारण उत्तर ठाऊक आहे असं वाटत होतं.

“कापू ना?” काकांनी हळूच विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “तारीख लागेल त्यांना. संध्याकाळ तर संध्याकाळ.”

शेवटचा फोटो साडेपाचला गेला. काका तोपर्यंत हलले नाहीत. तिने दोनदा केलेला चहा त्यांनी दोन्ही वेळा घेतला. जाताना ती त्यांच्या पाया पडायला वाकली तर म्हणाले, “अहो, मी काय केलं? सेल बदलले.”

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. तिने ते उभ्या उभ्या वाचलं आणि तशीच आत गेली.

“आई, अंगठा राहतोय. सर्जन म्हणाले, उत्तम भरतेय, चाललंय तसंच चालू द्या. काही कापायचं नाही.”

सासूबाईंनी डोळे मिटले. दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले होते, ते सुटले. मग म्हणाल्या, “आणखी काय लिहिलंय?”

“काही नाही. रविवारी सिस्टर स्वतः येणार आहेत पट्टी बदलायला. मला म्हणाल्या, झोप काढ.”

“अस्सं? का बरं?”

“मला काय माहीत?” ती म्हणाली.

“त्यांना वेळ असेल,” सासूबाई म्हणाल्या, आणि चादरीची सुरकुती सारखी करू लागल्या.

तिने कोमट पाणी आणलं, हात धुतले, पट्टी सोडवली, जखम पुसून नवं औषध लावलं. सवयीने चष्मा काढून कॉटच्या कडेला ठेवला होता. कॅमेरा उचलला तेव्हा सासूबाईंनी चिठ्ठी पायाशेजारी ठेवली नाही. हातातच धरली.

“चष्मा लाव आधी.”

तिने लावला. चिठ्ठीवर आजची तारीख होती. खाली नाव, वय, पाय डावा, जखम भरत आहे. त्याच्या खाली एक आडवी रेघ आखली होती, आणि रेघेवर काही नव्हतं.

सासूबाईंनी पेन्सिल तिच्यापुढे धरली.

“इथे तुझी सही कर,” त्या म्हणाल्या. “ज्याच्या हाताने गुण येतो, सही त्याची असते.”

तिने सही केली. शेवटचं अक्षर रेघेखाली गेलं. मग चिठ्ठी पायाशेजारी नीट ठेवून तिने फोटो काढला. टकन वाजलं.

सासूबाईंनी चिठ्ठी उचलली. या वेळी तिचे तुकडे केले नाहीत. घडी घालून उशीखाली सरकवली आणि म्हणाल्या, “सेल राहू देत आतच.”