आडातली दोरी

गढीत माणसे एकशे बारा होती, त्यांतली एकोणीस अंगावर पिणारी नाहीतर रांगती. बैल चौदा, गायी-म्हशी आठ आणि बदरोद्दीन टांगेवाल्याची घोडी एक. बंदुका दोन. आड एकच. पलटणीत नाईक राहिलेल्या म्हाताऱ्या रखमाजीने दोरीला दगड बांधून आत सोडला, वर ओढला आणि भिजलेली दोरी मोजली. पाच हात.

अठ्ठेचाळीसचा मे महिना होता. हत्यारबंद टोळीने मंठ्याच्या रस्त्यावरचे हे गाव लुटले, बाहेरची विहीर धरली आणि जीव वाचवून सारे गाव गढीच्या मातीच्या भिंतींआड शिरले. पाचव्या सकाळी दोरी दोनच हात भिजली. तेवीस जनावरे सगळ्या माणसांच्या तिप्पट पाणी पीत होती.

"जनावरं भाईर काढा," रखमाजी म्हणाला.

पुंजाराम पाटील उसळला. "मृग तोंडावर आलाय. पेरायचं कशानं, तुझ्या पलटणीच्या बिल्ल्यानं?"

दोघेतिघे हसले. बदरोद्दीन हसला नाही. "नाईकसाब, माझी घोडी बी?"

"ती बी."

"मंग पह्यले तुमची जोडी काढा. बराबर हाय का न्हाई?"

रखमाजीने गोठ्याकडे पाहिले. त्याचा लेक वऱ्हाडच्या हद्दीपलीकडे निघून गेला होता; जाताना बापाच्या हाती बायको, सहा महिन्यांचे पोर आणि बैलजोडी सोपवून. "आजचा दिस पाहू," तो पुटपुटला, आणि पुटपुटताच त्याला पलटणीतल्या साहेबाची आठवण झाली.

पहिल्या महायुद्धात, बगदादच्या अलीकडे, कूत नावाच्या गावात, तुर्कांनी त्यांची पलटण पाच महिने कोंडली होती. आज कुमक येईल, उद्या येईल, असे साहेब म्हणायचा, आणि घोड्या-खेचरांना जव घातले जायचे. पुढे तेच जव माणसांना पुरेनात. घोड्याचे मांस वाटायला लागले, तेव्हा रखमाजीने डोळे मिटून खाल्ले. जांबचा धर्मराज खेचरे हाकायचा. त्याने तोंड फिरवले. वर आपल्या भाकरीतली अर्धी तो चोरून खेचराला चारायचा. "ते माझ्याकडं पाहून राह्यलंय, मंग काय करू?" म्हणायचा. खेचर शेवटी कापलेच. त्यानंतर चार दिवसांनी धर्मराज गेला. त्याला उचलायला एकटा रखमाजी पुरला.

दुपारी रखमाजी गोठ्याकडे वळला. सून नंदाबाई चांद्या बैलापाशी बसली होती. पोर छातीशी ओढत होते, सोडत होते, रडत होते. रडण्यात आवाज उरला नव्हता.

"नंदा, तुझं पाणी?"

"पिले, मामा."

तिचे ओठ पांढरे पडून चिरले होते. चांद्याचे नाक ओले होते.

"खरं सांग."

"जीभ भाईर आल्ती त्याची," ती म्हणाली. "माझ्याकडंच पाहून राह्यला, मामा."

रखमाजीने दोन्ही दावी सोडली. नंदाबाईने चांद्याचा कासरा धरून ठेवला. त्याने तिचे एकेक बोट उकलले. गढीच्या दरवाजाचा अडसर निघाला, तसा चांद्या उंबऱ्यातच बसला. नांगरताना पिळायचा तशी रखमाजीने त्याची शेपटी पिळली. बैल उठला आणि बाहेर गेला, जोडीदार त्याच्यामागे.

बदरोद्दीनने घोडीचा लगाम काढून खांद्यावर टाकला, तिच्या मानेवर हात ठेवला आणि तिला बाहेर ढकलले. मग एकेक दावे सुटत गेले. पुंजाराम सर्वांत शेवटी आला. कोणाकडे न पाहता त्याने आपले चारही बैल हाकलले.

टोळीने बहुतेक जनावरे हाकून नेली. चांद्या रात्रभर दरवाजाला अंग लावून हंबरत राहिला. बाहेर डोकावणाऱ्यावर गोळी येत होती. उजाडायच्या सुमारास आवाज बंद झाला.

नंदाबाई सासऱ्याशी बोलली नाही. त्याने तिच्यापुढे भरला तांब्या ठेवला. तिने पाठ फिरवून तो शेवटच्या घोटापर्यंत रिता केला, आणि पोराला पदराखाली घेतले.

रखमाजी आडावर गेला. दगड सोडला, वर ओढला, दोरी मोजली.

दोन हात आणि एक वीत.