आंब्यावरची गाठ

मी पोहोचले तेव्हा उबेदचा आंबा अर्धा साफ झाला होता. कासू स्टेशनजवळच्या या जुन्या झाडावर सीतेची वेणी या ऑर्किडची जेवढी रोपं होती, तेवढी मला पेणपासून रोह्यापर्यंत कुठेच दिसली नव्हती. रानातल्या ऑर्किडच्या नोंदी घेताना हेच कोडं मला सतावत होतं. सगळी याच झाडावर का? आणि तीही खालच्या फांद्यांवरच का?

"मोतीरामभाऊ, थांबा!"

मोतीराम कोयता घेऊन फांदीवर बसला होता. "मी बोललो शेठला, ती वेणी हाय. ते बोलले, सगळंच काढ."

दुबईहून रजेवर आलेला उबेद खाली उभा होता. "मॅडम, झाडाला धड मोहोर येत नाय. ही बांडगुळं रस पितात."

मी तोडलेलं बांडगूळ उचलून त्याला दाखवलं. त्याचं मूळ आंब्याच्या लाकडात शिरलं होतं. शेजारी पडलेल्या वेणीची जाड, पांढरट मुळं मात्र सालीला वरवर चिकटलेली होती. "ही फक्त बसायला जागा घेते. पितं ते बांडगूळ."

"फुकट बसायचं तरी कशाला? काढ रे."

मी रोप उलटं केलं. मुळांच्या जाळ्यात काहीतरी चमकलं. चिमट्याने ओढलं, तर गाठ मारलेली नायलॉनची हिरवी पट्टी निघाली.

"माझ्या ओढणीचा काठ हाय तो," उबेदची आई अजीजाचाची मागून म्हणाल्या. "हा लहानपणी कान धरून रडायचा. मोतीरामची आई, चिमा, या वेणीच्या पानाचा रस काढून कानात पिळायची. पण पान घेतलं की वाऱ्याने पडलेलं एक रोप परत झाडावर बांधायचं, असा तिचा नेम. बांधल्याशिवाय सोडायची नाय कुणाला."

"गुण यायचा?" मी विचारलं.

"रडणं थांबायचं. ऐकणं मात्र अजून सुरू नाय झालं याचं."

फांदीवर मोतीराम खो खो हसला.

मी खालच्या फांद्यांकडे पुन्हा पाहिलं. बाईमाणसाचा हात पोहोचेल एवढीच ती उंची होती. ज्या रोपांना मी रानची समजत होते, त्यांतली किती अशी बांधलेली असतील?

उबेद ती पट्टी बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "मोतीराम, बांडगूळ तेवढं काढ."

"आणि हे खाली पाडलंस ते?" चाचींनी विचारलं.

उबेदने गळ्यातला रुमाल सोडला, फाडला आणि रोप फांदीला लावलं.

"घट्ट बांध," चाची म्हणाल्या.

रुमाल सुती होता. तो कुजायच्या आत मुळं सालीला धरतील का? पुढच्या फेरीत बघता यावं म्हणून मी फांदीवर तेलखडूने खूण केली.