सुरुवात घाईपासून

धुलाईच्या कारखान्यातल्या कारकुनाला सगळे मास्तर म्हणत. त्याने कधी कोणाला शिकवलं नव्हतं, पण साधी नोटीस लिहायची तरी गडी ती अशी नटवायचा की विचारू नका. एका वाक्याची शेपटी धरून पुढचं वाक्य सुरू करायचं, ही त्याची खास खोड. ‘आळस केला की डाग राहतो, डाग राहिला की तक्रार येते, तक्रार आली की गिऱ्हाईक जातं.’ असल्या पाट्या भिंतीभर लागलेल्या.

मंगळवारी इस्त्रीच्या रोलरवर काम करणाऱ्या मावशींचा उजवा हात त्यात गेला. तीन बोटं काढावी लागली. रोलरपुढची जाळी मॅनेजरने आठवड्यापूर्वीच काढायला लावली होती. हात जरा जवळ गेला की जाळीमुळे मशीन बंद पडायचं आणि काम खोळंबायचं. मास्तरला हे पक्कं ठाऊक होतं. जाळी त्याच्याच कपाटामागे ठेवलेली होती.

“मावशींचा जबाब लिही,” मॅनेजर म्हणाला. “सुरुवात घाईपासून कर. त्यांची सही झाली की त्यांना घरी बसवू. प्रकरण मिटलं.”

मास्तरने लिहिला. लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, लिहिताना त्याला मजा आली. ‘मी घाई केली. घाई केल्याने लक्ष उडालं, लक्ष उडाल्याने हात पुढे गेला, हात पुढे गेल्याने तो रोलरमध्ये सापडला.’

“वा! मध्ये बोट शिरायला जागा नाही!” म्हणत मॅनेजर खो-खो हसला. मास्तरही हसला, चांगले दात काढून हसला. जिन्यात ते हसू आठवलं तेव्हा त्याला स्वतःच्याच तोंडाची शिसारी आली. तो दोनदा थुंकला, तरी चव जाईना.

दवाखान्यात मावशी उशीला टेकून बसल्या होत्या. त्याला बघताच म्हणाल्या, “जाळी का काढली, विचारलंत का हो साहेबांना?”

“जबाब आणलाय,” तो पुटपुटला.

“चष्मा घरी राहिला. तुम्हीच वाचा.”

एका दमात उरकायचं असं त्याने ठरवलं होतं. पण मेल्या आवाजाला सवयच तशी, तो शब्दागणिक रंगत गेला. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा कान देऊन ऐकू लागली.

मावशींनी सुस्कारा सोडला. “खरंच की. घाई माझीच. घाई केली नसती तर लक्ष उडालं नसतं, लक्ष उडालं नसतं तर... द्या पेन. आणि कागद जरा धरून ठेवा, डाव्या हाताने जमत नाही मला.”

त्याने कागद धरला. नावाचं पहिलं अक्षर वेडंवाकडं उमटलं. त्याने कागद खस्सकन ओढून घेतला.

“नको, मावशी. खोटं आहे हे. जाळी असती तर मशीन थांबलं असतं.”

मावशींनी पेन खाली ठेवलं. त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“मग मास्तर,” त्या म्हणाल्या, “इतकं छान कशाला लिहिलंत?”