खुर्च्या माळ्यावर गेल्या

मी एक जुनं टेबल आहे, जेवणाचं. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला स्वस्थ उभं राहणं जमत नाही. माझा एक पाय बाकीच्या तिघांपेक्षा किंचित आखूड आहे. कोणी कोपर टेकवलं की मी डुगडुगतो, कोणी खदखदून हसलं की डुगडुगतो, आणि कोणी रागानं ताट आपटलं तर विचारूच नका! अंगात आल्यासारखा थरथरतो.

यात माझा काही दोष नाही. मला घडवणारा सुतार हुशार होता, पण त्या दिवशी त्याला संध्याकाळी कुठेतरी पोचायचं होतं. चौथा पाय कापताना त्यानं दाराकडे तीनदा पाहिलं आणि पट्टीकडे एकदाच. त्याची ती सगळी घाई माझ्या लाकडात मुरली, ती आजतागायत आहे.

मला एका नव्या जोडप्यानं विकत घेतलं. जिन्याच्या वळणावर मी असा काही अडकलो की वरच्या मजल्यावरचे लोक माझ्या खालून वाकून बाजारात गेले. शेवटी पाय काढून मला घरात न्यावं लागलं. नवरा वीजदुरुस्तीचं काम करायचा. त्यानं माझे पाय परत जोडले, आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि बायकोला म्हणाला, "हे तात्पुरतं आहे हं. रविवारी नीट करतो." तो रविवार अजून यायचा आहे! आख्ख्या गल्लीचे पंखे, इस्त्र्या, मिक्सर त्यानं दुरुस्त केले, पण माझा पाय काही त्याच्या हाताला लागला नाही.

पुढे तो नवरा 'बाबा' झाला आणि ती बायको 'आई'. आई रुग्णालयात परिचारिका होती. ती कामाच्या पाळीवरून येईल तेव्हा घराचं जेवण व्हायचं, मग ते कितीही वाजता होवो. मोठ्या मुलीला सगळे 'भिंगरी' म्हणत, कारण ती सरळ चालतच नसे, गिरक्या घेत स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायची. धाकटीचं नाव पडलं 'रेडिओ', कारण तिला बंद करायचं बटणच नव्हतं.

काय दिवस होते ते! माझ्यावर मटार सोलले गेले, गणितं चुकली, मिक्सरची आतडी पसरली गेली. भिंगरी रुसली की माझ्याखाली येऊन बसायची आणि च्युइंगगम माझ्या पोटाला चिकटवून निघून जायची. तो च्युइंगगम अजून आहे. मी कधी तक्रार केली नाही.

मग एका रात्री जेवण झाल्यावर बाबांना खिशात एक छोटा पांढरा चेंडू सापडला. कोणाच्या तरी घरी पंखा बसवताना माळ्यावरून पडला होता म्हणे. भिंगरीनं लगेच माझ्या मधोमध स्टीलचे पेले ओळीनं मांडले. झाली जाळी! बाबांनी पोळपाटाएवढी एक फळी उचलली, भिंगरीनं भूगोलाचं पुस्तक. (भूगोल तिला तेवढाच कामी आला.) हरेल त्यानं भांडी घासायची, असं ठरलं. टक, टक, टक... खणण्! पेला पडला. मी डुगडुगलो, त्यामुळे चेंडू भलतीकडेच उडाला, आणि बाबा ओरडले, "ए, टेबल तुझ्या बाजूनं खेळतंय!"

हो, खेळत होतो! खोटं कशाला बोलू?

त्या खेळातूनच पुढचं सगळं झालं. भिंगरी क्रीडा संकुलात टेबल टेनिस शिकायला जाऊ लागली. तिथल्या प्रशिक्षक मॅडमचं नाव घरात रोज निघायचं. मॅडम म्हणाल्या, मनगट सैल ठेव. मॅडम म्हणाल्या, हसलीस तरी चालेल, पाय हलव. आणि मॅडमचा एक नियम होता, तो तर रेडिओलाही पाठ होता: "रविवारी बॅटला हात लावायचा नाही. झोपा, भांडा, झाडावर चढा, काय वाट्टेल ते करा!"

भिंगरी जिंकत गेली. पहिला चषक माझ्यावर ठेवला गेला. पाहुणे माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "म्हणजे याच टेबलावर सुरुवात झाली तर!" मी किती फुगलो असेन! लाकूड पावसाळ्यात फुगतं, तसा मी भर उन्हाळ्यात फुगलो होतो.

आणि मग, मित्रांनो, बाबांच्या डोक्यात एक कल्पना आली.

माणूस फार चांगला. पण समोर एखादी वस्तू ठीक चालली असेल तर ती आणखी चांगली कशी चालेल, हाच विचार त्याच्या डोक्यात. संकुल लांब, बस गर्दीची, पोरगी दमून येते, म्हणजे सरावाची सोय घरीच करायला हवी! एका संध्याकाळी बाबांनी दोन मोठ्या प्लायवूडच्या फळ्या आणल्या. हिरव्या रंगवल्या, पांढऱ्या रेघा मारल्या. एक फळी माझ्यावर आडवी घातली आणि स्क्रूनं मला घट्ट पिळून टाकलं. दुसरी तिच्या टोकाला उभी केली, लोखंडी पट्ट्यांवर, भिंतीसारखी. चेंडू मारला की त्या फळीवर आपटून परत यायचा.

"बघ!" बाबा म्हणाले. "आता तुला कोणाची वाट बघायला नको. ही भिंत दमत नाही!"

हलायला जागा हवी म्हणून खुर्च्या माळ्यावर गेल्या. माझ्या सगळ्या खुर्च्या! रोज मला टोमणे मारणाऱ्या, आणि तरी रात्री मला टेकून उभ्या राहणाऱ्या.

पहिले काही दिवस भिंगरीही खूश होती. मी मात्र फळीखाली, अंधारात. वर सतत टक टक टक टक. डुगडुगायची सोय नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी अगदी स्थिर उभा होतो आणि आतून मला एक क्षण चैन नव्हतं.

आता घर जेवायचं कुठे? जिथे जमेल तिथे. आई ओट्यापाशी उभ्यानं. बाबा दारात, एक डोळा चेंडूवर ठेवून. रेडिओ टीव्हीसमोर, कारण सरावाच्या वेळी तिला बोलायला बंदी होती. एकदा आई म्हणाली, "या घरात चेंडूला जागा आहे, ताटाला नाही." बाबा हसले. त्यांना तो विनोद वाटला.

निवड चाचणी जवळ येऊ लागली. राज्याच्या संघात जायची संधी! आणि भिंगरीच्या गिरक्या कधी बंद पडल्या, ते कोणालाच कळलं नाही. ती आता सरळ चालायची. बॅट पूर्वी मऊ फडक्यात गुंडाळायची, ती आता पिशवीत भिरकावून द्यायची. रविवारी सकाळी तिचं पोट दुखायचं. बाबा धावत जाऊन गोळी आणायचे, गोळी घेतली की म्हणायचे, "फक्त एवढी बादली संपव, राणी." बादली म्हणजे चेंडूंची. ती संपली की बाबा चेंडू वेचून परत भरायचे. ती संपणार कशी?

एका रविवारी बादली अर्धी असताना भिंगरीनं बॅट ठेवली, वाकली, आणि माझ्याखाली येऊन बसली. आता ती मावत नव्हती. गुडघे छातीशी, डोकं माझ्या पोटाला, त्या जुन्या च्युइंगगमच्या शेजारी. बाबांना वाटलं, चेंडू शोधतेय. ते आत पाणी आणायला गेले. रेडिओ सरपटत तिच्याजवळ आली.

"ताई, इथे काय करतेस?"

"इथे कोणी 'अजून एक' म्हणत नाही."

रेडिओनं जरा विचार केला. "मी पण नाही म्हणणार."

"ऐक. कोणाला सांगणार नसशील तर सांगते." भिंगरीचा आवाज अगदी कोरडा होता. "मी चाचणीत मुद्दाम हरणार आहे. पहिल्याच फेरीत. मग सगळे म्हणतील, हिला जमत नाही, आणि सोडून देतील."

"पण तुला तर खेळायला आवडतं!"

"आवडायचं," भिंगरी म्हणाली.

मित्रांनो, माझ्या लाकडाला तडा जातोय की काय, असं वाटलं मला. ऐकलं फक्त दोघांनी, एक मी आणि एक रेडिओ. मला तोंड नाही, आणि रेडिओनं शपथ घेतलेली. तिनं कधी साधी भाजी काय आहे हेसुद्धा पोटात ठेवलं नव्हतं! तेव्हापासून ती बिचारी तोंडावर हात ठेवून हिंडत होती.

चाचणीच्या आधी एका संध्याकाळी मॅडम अचानक घरी आल्या. भिंगरीचा खेळ का उतरलाय, ते त्यांना समजत नव्हतं. जिने चढून धाप लागलेली. आई नुकतीच पाळीवरून आली होती. मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि साधाच प्रश्न विचारला.

"बसू कुठे?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. खुर्ची नव्हती. शेवटी बाबांनी बादलीतले चेंडू जमिनीवर ओतले आणि बादली उपडी करून दिली. मॅडम तिच्यावर बसल्या. चेंडू घरभर घरंगळत होते.

"हे काय आहे?" मॅडमनी उभ्या फळीकडे बोट दाखवलं.

बाबांचा चेहरा उजळला. "मीच बनवलंय! कितीही मारा, चेंडू परत येतोच. संध्याकाळी थोडा वेळ, आणि रविवारी जरा जास्त. सुट्टी असते ना!"

"रविवारी मी सुट्टी दिलेली आहे."

"हो, मग सुट्टीच आहे की! कुठे जातच नाही ती. घरीच असते."

मॅडमनी ओट्याकडे पाहिलं. मग आईला म्हणाल्या, "तुम्ही सगळे जेवता कुठे हो?"

"मी ओट्यापाशी."

"मी टीव्हीसमोर!" रेडिओ बोलून गेली आणि तिनं पटकन दोन्ही हात परत तोंडावर दाबले.

"आणि तू?" मॅडमनी भिंगरीला विचारलं.

"मला भूक नसते."

"बरं. आणि चाचणीचं काय वाटतं?"

"ठीक आहे."

तेवढ्यात मॅडमचं लक्ष रेडिओकडे गेलं. ती लालबुंद झाली होती, डोळे बटाट्याएवढे. "अगं, हिला काय होतंय?"

भिंगरीनं धाकट्या बहिणीकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं. अगदी छोटंसं. "सोड गं हात, गुदमरशील," ती म्हणाली. मग मान वर करून म्हणाली, "मी चाचणीत मुद्दाम हरणार होते, मॅडम."

एक चेंडू अजून कुठेतरी घरंगळत होता. तो थांबला. मला डुगडुगायचं होतं, इतकं डुगडुगायचं होतं! पण स्क्रू घट्ट होते.

"मुद्दाम?" बाबा म्हणाले. "अगं, मग मला सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं. पोट दुखतंय म्हणून."

"मी गोळी आणून दिली की."

"बाबा, ही भिंत कधी हरत नाही." आता तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज स्वच्छ होता. "तुम्ही तरी हरायचात. भांडी घासायचात. हिच्याशी खेळून मी एकदाही जिंकले नाहीये."

बाबा माझ्यापाशी आले. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, खाली बसले आणि पहिला स्क्रू सोडवू लागले. त्यांना बोलण्यापेक्षा तेच सोपं होतं. आईनं फळी धरली. मॅडमनी भिंगरीची बॅट उचलून स्वतःच्या पिशवीत टाकली. "ही माझ्याकडे राहील. तुला हवीशी वाटेल तेव्हा मागायला ये. नाही आलीस तरी मी चहाला येणार आहे. फक्त खुर्ची ठेवा."

"पण चाचणी?" बाबांनी खालूनच विचारलं.

"ती पुढच्या वर्षीही असते. तोवर हिला खेळावंसं वाटायला हवं, एवढंच."

फळ्या माळ्यावर गेल्या, खुर्च्या खाली आल्या. अंगावर धूळ, पण टोमणे ताजे! चाचणी आली आणि गेली. सगळं लगेच गोड झालं असं समजू नका. भिंगरीला हातांचं काय करावं ते कळेना. ती दुपार दुपार झोपायची, उठून खिडकीशी उभी राहायची. बाबा तर तिच्याहून कासावीस. त्यांनी न बिघडलेला पंखा दोनदा उघडला. भिंगरी खेळाकडे परत येणार की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं नाही असं आईनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

मग एका रविवारी जेवणं झाल्यावर भिंगरी उठली. कोणाशी न बोलता तिनं माझ्या मधोमध पेले मांडले. भूगोलाचं पुस्तक शोधलं. "बाबा, हरेल त्यानं भांडी घासायची."

बाबा हरले. मी मदत केली, हे तुम्हाला म्हणून सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी भिंगरी गिरकी घेऊन दाराबाहेर पडली, बॅट मागायला.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो, म्हणून एवढं एकच मागतो. तुम्ही धावत असाल, पोहत असाल, खेळत असाल, खूप जिंका. पण पोट दुखायला लागलं तर फक्त गोळी मागू नका, का दुखतंय तेही सांगा. आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐकत असालच! सुट्टी द्याल तर ती खरीखुरी द्या, आणि घरातली एक जागा अशी ठेवा जिथे कोणी गुण मोजत नाही.

परवा बाबा पट्टी घेऊन माझा पाय नीट करायला बसले होते. भिंगरीनं त्यांच्या हातातून पट्टी काढून घेतली आणि म्हणाली, "राहू दे ना. हे डुगडुगलं की कळतं, कोणीतरी जेवायला बसलंय."