डूख धरलेला कागद

मित्रांनो, मी एक जुना, जाड कागद आहे. माझ्यावर अवकाशयानाच्या चित्रकथेचं एक पान आहे. छापलेलं नव्हे बरं का, हातानं काढलेलं, मूळ पान! म्हणून माझ्यात थोडी ऐट आहे, आणि थोडा खुनशीपणाही.

लोहगडवाडीच्या रंजनाताईंनी ऐन तारुण्यात मला काढलं, पुण्याच्या एका मुलांच्या मासिकासाठी. परग्रहावरचे डोंगर त्यांनी कुठून आणले असतील? दारातून दिसणारी लोहगडाची लांब डोंगरसोंड, विंचूकाटा, उचलली आणि त्याच्यावर दोन चंद्र टांगले. कोपऱ्यात पक्क्या काळ्या शाईनं 'रंजना' अशी सही केली. मी छापून आलो तेव्हा पोरांनी त्या अंकाची पारायणं केली. पुढे मासिक बंद पडलं, ताईंचे हात कापू लागले. अख्ख्या मालिकेतला मी एकटाच त्यांच्या ट्रंकेत उरलो.

मग तुंगार्लीच्या बंगल्यातले विकासराव आले. जुन्या अवकाशकथांची मूळ चित्रं जमवण्याचा त्यांना भारी नाद. "मावशी, पाहुण्यांना दाखवतो आणि पावसाआधी परत आणून देतो," असं गोड बोलून त्यांनी मला नेलं. घरी गेल्यावर ताईंच्या सहीवर पांढरा रंग फासला आणि त्यावर आपल्या वडिलांचं नाव लिहिलं! वडील चित्रकार होते, अशी थाप त्यांनी आधीच सगळीकडे मारून ठेवली होती. त्या दिवशी मी डूख धरला.

मला काचेला अगदी घट्ट टेकवून त्यांनी फ्रेम केली आणि कपाटात ठेवली. पाऊस लागला. घरकाम करणाऱ्या कमळाबाई म्हणाल्या, "दादा, कपाटात बल्ब लावून ठेवा. हितली ओल लय वाईट. कागद न्हाई टिकायचा."

"अहो, फ्रेम आहे ना त्याला!" विकासराव हसले.

मला तर बल्ब नकोच होता. मी पोटभर ओल प्यायलो. माझ्या अंतराळवीराच्या गालावर बुरशीचा डाग पडला. पडू दे म्हटलं!

श्रावणात बंगल्यावर पाहुणे जमले. नेमक्या तेव्हाच रंजनाताई दारात आल्या. "भाऊ, पावसाआधी देतो म्हनला होता. माझं चित्र द्या."

"तुमचं? आमच्या वडिलांचं आहे ते!" विकासराव पाहुण्यांकडे बघत म्हणाले. "थांबा, काच दमटलीय, ती काढून सहीच दाखवतो."

काढा, काढा, मी मनात म्हटलं. त्यांनी काच उचलली, आणि ओलावलेला पांढरा रंग वडिलांच्या नावासकट तिला चिकटून वर गेला. पक्की शाई मात्र जागची हलली नाही. कोपऱ्यात 'रंजना' लख्ख उभी!

विकासरावांचा चेहरा त्या रंगाहून पांढरा पडला. "ह्येच सांगत होते मी," एवढंच म्हणून ताईंनी मला पदराखाली घेतलं आणि वाडीची वाट धरली. खोटं कशाला बोलू? मला फार बरं वाटलं.

आता मी ताईंच्या घरी, बल्ब लावलेल्या कपाटात सुखानं राहतो. गालावरचा डाग काही जायचा नाही. मित्रांनो, जुनी चित्रं जरूर जमवा, त्यांना ओलीपासून जपा. पण ज्या हातानं ती काढली, त्या हाताचं नाव आधी जपा.

परवा विकासराव येऊन ओशाळल्या तोंडानं माफी मागून गेले. ताईंनी त्यांना चहा पाजला आणि माफ केलं.

मी केलेलं नाही.