दवावरचे वाल

इनायत सव्वीस वर्षं कुवेतला एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता. मासळीची, मटणाची खोकी, आणि उणे अठरावर स्थिर ठेवायचा तापमानाचा काटा. काटा जरा वर सरकला की भोंगा वाजायचा आणि इनायत अंथरुणातून उठून धावत सुटायचा. दोन वर्षांतून एकदा महिन्याची सुट्टी मिळे, तीही मे महिन्यात, लग्नसराईच्या धांदलीत. त्यामुळे पोलादपूरच्या रस्त्याच्या आत, सावित्रीच्या काठावर असलेलं आपलं गाव त्यानं इतकी वर्षं फक्त उन्हात करपलेलंच पाहिलं होतं.

गेल्या सप्टेंबरात तो कायमचा परतला. मुलगी अम्बरीन लग्न होऊन पनवेलला गेलेली. घरात तो आणि बायको महरुन्निसा, दोघंच. पहिला आठवडा भेटीगाठींत गेला. मग दिवस अंगावर यायला लागले. झोप लागेना. डोळा लागतोय तोच भोंगा वाजल्यासारखं व्हायचं आणि हा उठून फ्रीज उघडून बघायचा. पाचही वेळची नमाज तो चुकवत नसे, पण कपाळ जमिनीला टेकलेलं असताना मन मात्र काट्यावर खिळलेलं असायचं. याची त्याला लाज वाटे, आणि हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. हाताला चाळा हवा म्हणून त्यानं घरातले नळ बदलले, पडवीचे पत्रे बदलले, चांगलं धड असलेलं कुंपण उपटून नवं घातलं. महरुन्निसा नुसती बघत होती.

भात कापून झालं आणि तिनं शेजारच्या वाडीतल्या प्रयागबाईला मदतीला घेऊन रिकाम्या शेतात वाल पेरले. दोघींची शेतं बांधाला बांध लागून. एकमेकींची पेरणी-कापणी त्या कित्येक वर्षं मिळूनच करत.

"पाण्याचं काय?" इनायतनं विचारलं.

प्रयागबाई हसायलाच लागली. "वालाला पानी कोन देतंय इनायतभाई? खाली वल हाय, वरून दव पडंल. तेवढ्यावर होतात ते."

"दवावर कुठं पीक येतं काय?"

"येतं की. तुमी इतक्या वर्सांत बगितलंच नाय."

ते वाक्य त्याला टोचलं. डिसेंबरात अम्बरीनच्या लेकाला ताप आला आणि महरुन्निसा आठ दिवस पनवेलला गेली. इनायतनं महाडच्या बाजारातून पंप आणि पाइप आणला, नदीवर लावला आणि वरच्या अर्ध्या शेताला भरपूर पाणी सोडलं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. पंपाची घरघर ऐकून त्याला फार बरं वाटलं. चौथ्या दिवशी प्रयागबाई धावत आली.

"बंद करा वो! बुडवलंत की वालाच्या पोरांना!"

महरुन्निसा परत आली तोवर वरचं अर्धं शेत पिवळं पडलं होतं. एसटीतून उतरल्यावर ती आधी शेतावरच गेली. तिनं एक रोप उपटलं, काळं पडलेलं मूळ नाकाशी नेलं आणि खाली ठेवलं. इनायत मागे मान खाली घालून उभा होता.

"मला वाटलं, बरं होईल," तो म्हणाला. "माझ्याच्यानं बसवत नाय गो. काय तरी केल्याबिगर बसवतच नाय."

आपण काय बोललो हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. महरुन्निसानं हात झटकले.

"उद्या फजरनंतर माझ्याबरोबर या," ती म्हणाली. "काय करायचं नाय. नुसतं बसायचं."

दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज आटोपून दोघं निघाली. नदीवर धुकं उतरलं होतं, पलीकडचा डोंगर अजून दिसत नव्हता. शेतात पाय टाकताच इनायतचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. खालच्या अर्ध्या शेतात वालाचं एकेक पान दवानं जड होऊन वाकलं होतं. पानावरून थेंब ओघळून बुंध्याशी जिरत होता आणि त्याच्यामागून दुसरा तयार होत होता. दोघं बांधावर बसली. इनायतला समोर तण दिसलं. तो उपटायला वाकला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "हात मांडीवर ठेवा."

त्यानं हात मांडीवर ठेवले. मग त्यानं विचारलं, "इतकी वर्सं एकटीनं कशी काढलीस गो?"

हा प्रश्न त्यानं फोनवर कधी विचारला नव्हता.

"पहिली दोन वर्सं रडून काढली," ती म्हणाली. "मंग एकदा अशीच इथं येऊन बसले. थंडी होती. बघितलं, हे इवलंसं रोप, त्याला कोन बघायला येत नाय, तरी रोज सकाळी त्याची ओंजळ भरलेली. म्हटलं, देनारा याला इसरत नाय, तर मला कसा इसरेल? तवापासून येते. पावसात नदी बघते. भात निसवलं, लोंब्या आल्या की त्याचा वास घेते. उन्हाळ्यात काय नसतं, नुसती भेगाळलेली जमीन, तरी येते. तुमच्यासाठी दुवा पन इथंच मागायची. घरात मागताना रडू यायचं."

इनायतनं नुसता तिचा हात धरला. डोंगरामागून ऊन आलं, धुकं विरळ होत गेलं, आणि कधी कोण जाणे, बसल्या बसल्याच त्याची मान तिच्या खांद्यावर कलली.

उन्हाचा चटका लागायला लागला तसा महरुन्निसानं ओढणीचा पदर त्याच्या तोंडावर धरला. खांदा अवघडला, तरी ती हलली नाही. प्रयागबाई कोयता घेऊन बांधावरून येत होती, ती घाबरून थबकली.

"काय झालं गो भाबी यास्नी?"

महरुन्निसानं ओठावर बोट ठेवलं. "निजलेत."

प्रयागबाईनं कोयता हळूच खाली ठेवला आणि तीही पलीकडे बसली. इनायत जागा झाला तेव्हा नऊ वाजले होते आणि दोन बायका त्याच्याकडे बघत होत्या. तो ओशाळला, मग हसला. घरी जाऊन त्यानं दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

त्यानंतरही कितीतरी रात्री त्याला झोप लागली नाही. पण फजरनंतर तो शेतावर जायचा, कधी तिच्याबरोबर, कधी एकटा. पंप त्यानं वरंधच्या एका बागवाल्याला देऊन टाकला. जानेवारीत वाल जांभळ्या-पांढऱ्या फुलांनी भरले, मग शेंगा धरल्या. वरच्या अर्ध्यात जी थोडी रोपं तगली, त्यांच्याजवळ तो जरा जास्त वेळ थांबत असे. सजद्यात कपाळ टेकल्यावर आता कधी कधी नुसता ओल्या मातीचा वास आठवायचा, आणि तेवढा वेळ मन कुठे जात नसे.

रमजानच्या पहिल्या आठवड्यात तिघांनी मिळून वाल काढले. रोजे होते, म्हणून काम सकाळीच उरकायचं. शेवटची पाटी भरल्यावर इनायत रिकाम्या शेतात उभा राहिला.

"आता काय?" त्यानं विचारलं.

"आता काय नाय," महरुन्निसा म्हणाली. "आता नदीवरची सावर फुललीय, ती बघायची."

दोघं काठावर जाऊन बसली. झाडावर पान नव्हतं, नुसती लालभडक फुलं आणि त्यांत साळुंक्यांचा कालवा. तेवढ्यात अम्बरीनचा फोन आला.

"अब्बा, काय करताय?"

"सावर बघतोय."

"बरं. आणि?"

"आनी काय," इनायत म्हणाला. "तुजी अम्मा पन बघत्येय."

अम्बरीन म्हणाली, "फोन तसाच चालू ठेवा ना जरा. मला पक्षी ऐकू येतायत."

त्यानं फोन दोघांच्या मध्ये गवतावर ठेवला.