ढगासाठी सोडलेली जागा

ल्यांग भावजींचा आवाज जिन्यात आला आणि मी पदर सावरत आत पळाले. उद्या सकाळच्या नावेने ते युन्नानला बदलीवर निघालेले. जाताना मित्राने, म्हणजे आमच्या यांनी, रंगवलेले डोंगर सोबत न्यायचे, ही त्यांची हौस. यांचा हात तीन वर्षं थरथरतोय हे अख्ख्या सूचौत फक्त मला ठाऊक. तेव्हापासून डोंगर मी काढते, चित्रावरच्या ओळीही यांच्या वळणाने मीच लिहिते, आणि हे शिक्का उठवतात.

मी लाकडी पडद्याआड बसले. बसले कसली, सारखी ऊठबस चालली होती.

भावजींनी चित्राची गुंडाळी उलगडली. म्हणाले, "काय रे, म्हातारपणी तुझा हात भलताच खुललाय! पण हे डोंगर कुठले? तू तर हांगचौच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाहीस."

"असेच... मनातले," हे म्हणाले.

मनातले म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सतराव्या वर्षी ह्वेचौहून लग्नाच्या नावेत बसले, तेव्हा पडदा सारून रडत रडत पाहिलेले डोंगर ते. पुन्हा जाणं झालंच नाही.

"बरं, वर जागा सोडलीयस ती माझ्यासाठीच ना? दोन ओळी लिही. माझ्यादेखत."

घ्या! ती जागा मी ढगासाठी सोडली होती.

"आज राहू दे, जरा जास्त झालीय."

"अरे, अजून पेला तोंडाला लावला नाहीस! नव्या नवरीसारखे नखरे नकोत."

आता लिहिलं की हात कापणार, सगळं उघडं पडणार. बायकोच्या जिवावर नाव कमावलं म्हणून गाव हसणार. यांची अब्रू जाऊ नये म्हणून मी देवाला हात जोडले. आणि खोटं कशाला बोलू, उघडं पडावं असंही वाटत होतं.

कुंचला शाईच्या दगडावर टकटक वाजला. त्या दोन ओळींना किती वेळ लागावा! मग भावजींनी मोठ्याने वाचलं, "डोंगर काढले माझ्या पत्नीने, वै घराण्यातल्या सूयिंगने. माझ्या हाताला कंप आहे. मी फक्त शाई उगाळली."



"म्हणजे तीन वर्षं," भावजी हळूच म्हणाले, "मी या घरात वहिनींच्या फक्त बांबूच्या कोंबांच्या भाजीला नावाजत होतो? गाढव आहे मी, गाढव!"

त्यांची पावलं पडद्यापाशी येऊन थांबली.

"वहिनी, हे डोंगर कुठले?"

मी पडद्याच्या जाळीला तोंड लावलं.

"माहेरचे, भावजी."